आजारपणात पत्ते खेळताना सुचलेली आयडिया आज सायबर हल्ल्याचं नुकसान मोजते

साल १९४६. लॉस एंजेलिसच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी एका पेशंटला विचारलं, १३ आणि ८ किती? पेशंटने नुसती मान हलवली. मग २० चं वर्गमूळ विचारलं. उत्तर आलं, साधारण ४.४. हे बरोबर आहे का ते डॉक्टरांनाही सांगता येईना, पण त्यांचा जीव भांड्यात पडला. पेशंटचं डोकं शाबूत होतं.

हा पेशंट म्हणजे गणितज्ञ स्टॅनिस्लॉ उलाम.

उलाम यांचा जन्म १९०९ चा, आज युक्रेनमध्ये असलेल्या ल्विव शहरातला. १९३९ च्या ऑगस्टमध्ये ते धाकट्या भावाला घेऊन अमेरिकेला निघाले आणि काही दिवसांतच हिटलरने पोलंडवर हल्ला केला. मागे राहिलेले वडील आणि बहीण ज्यूंच्या संहारात गेले. पुढे उलाम यांनी लॉस अलामोसच्या अणुबॉम्ब प्रकल्पावर काम केलं.

१९४६ मध्ये त्यांच्या मेंदूला सूज आली, कवटी उघडून ऑपरेशन करावं लागलं. ज्या डोक्यावर सगळी भिस्त तेच अधू झालं की काय, ही धास्ती त्यांना होती.

घरी आराम करताना ते पत्त्यांचा सॉलिटेअर खेळायचे. डाव सुटण्याची शक्यता किती, हे ५२ पत्त्यांच्या हिशोबाने काढणं महाकठीण. मग त्यांना सुचलं, डाव शंभर वेळा मांडायचा आणि किती वेळा सुटला ते मोजायचं!

ही कल्पना त्यांनी मित्र जॉन फॉन नॉयमन यांना सांगितली. लवकरच एनियॅक कॉम्प्युटरवर अशी गणितं सुरू झाली. उलाम यांचे एक काका जुगारासाठी उसने पैसे घेऊन मोंटे कार्लोला जायचे म्हणे, त्यावरून सहकारी निकोलस मेट्रोपोलिस यांनी पद्धतीला नाव दिलं, मोंटे कार्लो.

आता याचा हॅकिंगशी काय संबंध?

समजा, कंपनीचा सर्व्हर हॅक होण्याची शक्यता वर्षाला १० टक्के आणि झालाच तर सरासरी नुकसान ५ कोटी. गुणाकार केला की वर्षाला ५० लाख. पण ५० लाखांचं वर्ष सहसा येतच नाही. बहुतेक वर्षं शून्याची आणि मग एखाद्या वर्षी कोटींचा खड्डा. म्हणून कॉम्प्युटर अशी १०,००० काल्पनिक वर्षं चालवतो. त्यातल्या २०० वर्षांत नुकसान १० कोटींच्या वर गेलं, तर तो धोका २ टक्के. विमा किती रकमेचा घ्यायचा, सुरक्षेवर किती खर्च करायचा, हे त्यावरून ठरवता येतं. अर्थात, मुळात घातलेले आकडेच चुकीचे असतील तर उत्तरही चुकणार.

उलाम १९८४ मध्ये गेले. पत्ते पिसून डाव पुन्हा मांडायची त्यांची युक्ती मात्र कॉम्प्युटर आजही वापरतात.