मुंबईचे नाना

ग्रँट रोड स्थानकातून बाहेर पडून नाना चौक ओलांडणाऱ्या मुंबईकरांना हे नाना कोण, असे विचारले तर बहुतेकांची पंचाईत होईल. वास्तविक ज्या संस्थांच्या आधारावर हे शहर उभे राहिले, त्यांतील अनेकांच्या स्थापनेत जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांचा हात होता.

१० फेब्रुवारी १८०३ रोजी जन्मलेल्या नानांचे घराणे मूळचे मुरबाडचे, व्यवसायाने सराफ-व्यापारी. १८२२ मध्ये वडील निवर्तले आणि विशीही न ओलांडलेल्या नानांच्या हाती प्रचंड संपत्ती आली. ती ऐषआरामात उडविणे सहज शक्य होते. देणग्या देऊन मोकळे होणे तर त्याहून सोपे. नानांनी पैसा दिलाच. पण त्याहून दुर्मिळ गोष्ट दिली, ती म्हणजे वेळ. सभा, अर्ज, अहवाल, टिपणे यांत त्यांची चाळीस वर्षे गेली.

याचा कस लागला तो शिक्षण मंडळात. १८४० मध्ये स्थापन झालेल्या या सरकारी मंडळावर नाना होते. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे न्यायाधीश. सरकारी पैसा मूठभरांच्या इंग्रजी शिक्षणावर खर्चावा, असा त्यांचा आग्रह. नाना स्वतः उत्तम इंग्रजी जाणणारे, इंग्रज अधिकाऱ्यांत ऊठबस असलेले. तरीही १८४७ च्या वादात त्यांनी पेरींना लेखी विरोध केला. ज्ञान सामान्य माणसापर्यंत न्यायचे तर ते त्याच्याच भाषेतून नेले पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. फ्रामजी कावसजी व महंमद इब्राहिम मकबा हे हिंदी सभासद आणि कर्नल जर्व्हिस त्यांच्या बाजूने उभे राहिले. देशी भाषांच्या शाळा टिकल्या, त्यात या विरोधाचा मोठा वाटा आहे. सरकारदरबारी मान असलेल्या माणसाने तो मान पणाला लावणे, हे त्या काळी सोपे नव्हते.

स्वतः धर्मनिष्ठ असूनही मुलींच्या शाळेसाठी त्यांनी गिरगावातील आपल्या वाड्यात जागा दिली. स्त्रीशिक्षणाच्या नुसत्या उल्लेखाने भुवया उंचावत, तो हा काळ. आगगाडीसाठी धडपडणाऱ्यांतही ते अग्रभागी होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, ती हकीकत सर्वश्रुत आहे.

त्याच्या आदल्या वर्षी, २६ ऑगस्ट १८५२ रोजी, बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. नाना अध्यक्ष, डॉ. भाऊ दाजी चिटणीस. कंपनीच्या कारभारातील दोष दाखविणारा अर्ज या संस्थेने थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे धाडला. पुढे १८५७ च्या उठावात सरकारचा संशय नानांवरच वळला. पोलीसप्रमुख फोर्जेट यांनी तपास केला आणि नाना निर्दोष ठरले. एवढा अपमान सोसल्यावर दुसरा कोणी सार्वजनिक कामातून अंग काढून घेता. नाना मात्र पूर्ववत सभांना जात राहिले.

सोनापूरची स्मशानभूमी हलवून शिवडीला नेण्याचा घाट सरकारने घातला, तेव्हाही नानाच पुढे आले. गिरगाव-भुलेश्वरच्या गरिबांनी आपली प्रेते खांद्यावरून शिवडीपर्यंत वाहायची, हे त्यांना मान्य नव्हते. स्मशान जागच्या जागी राहिले. चरित्रकार रेल्वेचे जितके कौतुक करतात, तितके याचे करीत नाहीत; वास्तविक सामान्य मुंबईकराच्या दृष्टीने हे काम त्या तोडीचेच होते.

१८६२ मध्ये मुंबई कायदेमंडळाच्या पहिल्या हिंदी सभासदांत त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाची कोनशिला बसली. त्या खटाटोपातही ते होते. संग्रहालय खुले झाले १८७२ मध्ये. ते पाहणे नानांच्या नशिबी नव्हते. कापसाच्या सट्ट्याचा फुगा फुटून अवघी मुंबई हवालदिल झाली असतानाच ३१ जुलै १८६५ रोजी त्यांचे निधन झाले.

मॅट्रिकला संस्कृतमध्ये चमकणाऱ्या विद्यार्थ्यांना पुढे कित्येक वर्षे त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळत असे. १९१२ मध्ये ती रायगडकडच्या एका मुलाने पटकावली. तो मुलगा म्हणजे स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख.