रेव्हरंड टिळकांचा वानप्रस्थ

नोकरी संपली, पेन्शन सुरू झाले, मुले मार्गी लागली, की माणसाने देवाधर्माकडे लक्ष द्यावे अशी आपल्याकडील जुनी रीत आहे. पण आयुष्यभर धर्माचेच काम करून ज्याने पोट भरले, त्याने निवृत्तीनंतर काय करावे? रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ह्या प्रश्नाचे जे उत्तर दिले ते त्यांच्या कवितेइतके लोकांच्या स्मरणात राहिलेले नाही. फुलामुलांचे कवी म्हणून त्यांना घरोघर ओळखतात. त्यांच्या अखेरच्या दोन वर्षांची कथा मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. संस्कृत व मराठी कविता, वक्तृत्व आणि कीर्तन हे त्यांचे लहानपणापासूनचे वेड. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची कन्या मनकर्णिका १८८० साली त्यांची पत्नी झाली. पुढे महाराष्ट्राने तिला लक्ष्मीबाई ह्या नावाने ओळखले. टिळक एका गावी, एका नोकरीत फार दिवस टिकत नसत, आणि हाती आलेला पैसा घरात टिकत नसे. संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आली ती तेव्हापासून.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी जात असताना आगगाडीत त्यांची एका युरोपियन सहप्रवाशाशी गाठ पडली. त्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची एक प्रत वाचावयास दिली. वाचता वाचता डोंगरावरील प्रवचनापाशी टिळक थबकले, आणि त्यांच्या मनाने ठाव घेतला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ह्या एका दिवसाची किंमत मोठी होती. नातलगांनी लक्ष्मीबाईंना आपल्याकडे नेले. काही वर्षे त्या पंढरपुरास राहिल्या, आणि नवरा जिवंत असून त्यांच्या वाट्याला परित्यक्तेचे जिणे आले. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, आपल्या बुद्धीने एकेक गोष्ट पारखीत गेल्या, आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

अमेरिकन मराठी मिशनचे काम टिळकांनी अहमदनगरास वीसहून अधिक वर्षे केले. तेथील धर्मशिक्षणाच्या विद्यालयात ते शिकवीत. १९०४ साली त्यांना दीक्षा मिळून ते रेव्हरंड झाले. १९१२ पासून ते ज्ञानोदय पत्राचा मराठी भाग पाहू लागले. बालकवी ठोमरे त्यांच्याच घरी मुलासारखे राहिले. अनाथ मुले घरी आणावयाची ती टिळकांनी, आणि त्यांना जेवूखाऊ घालून वाढवावयाची ती लक्ष्मीबाईंनी, असा त्या घरचा शिरस्ता होता.

ह्या काळात त्यांनी एक मोठे काम केले. देशी ख्रिस्ती मंडळी तोवर बहुधा इंग्रजी चालींवर बसविलेली गीते म्हणत असत. टिळकांनी त्यांच्या हाती अभंग, ओवी, भजन आणि टाळ दिले. तुकोबाचे अभंग लहानपणी कानी पडलेल्या माणसाने ख्रिस्ताची भक्ती करावयाची तर ती त्याच भाषेत, त्याच चालीवर का करू नये, असा त्यांचा रोख होता. मराठी उपासनेच्या गीतसंग्रहात त्यांची दोनशेहून अधिक गीते आहेत, आणि महाराष्ट्रातील देवळांतून ती आजही गायिली जातात.

असे असता १९१७ साली, पंचावन्नाव्या वर्षी, टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. भांडण होऊन सोडली असे नव्हे. धर्म सांगणारा पगारी नोकर असला म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात किंतु राहतो, हे त्यांनी इतक्या वर्षांत पुष्कळ पाहिले होते. पगार गेला म्हणजे आपले बोलणे मोकळे होईल असे त्यांना वाटले. त्यांनी भगवी वस्त्रे घेतली व साताऱ्यास बिऱ्हाड केले. समर्थांच्या सज्जनगडाजवळचे हे गाव. साधूबैराग्याचे नवल येथे कोणास नव्हते, पण ख्रिस्ताचे नाव घेणारा भगव्या वस्त्रांतला माणूस हे मात्र नवल होते.

तेथे त्यांनी देवाचा दरबार ह्या नावाचा एक मेळावा उभारला. ख्रिस्ताला गुरू मानणारा कोणीही, मग त्याने बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ह्या दरबारात बसू शकत असे. जात सोडून, घर सोडून, नातलगांना मुकून मगच देवाच्या दारी यावे लागते, ही अट टिळकांना डाचत होती. ती अट स्वतः सोसलेल्या माणसाचे हे दुःख होते. पंढरपुरास राहिलेली पत्नी त्यांना विसरता येण्याजोगी नव्हती. कित्येक ख्रिस्ती बांधवांना ही मोकळीक रुचली नाही, आणि हिंदू समाजासही तिचा भरवसा वाटला नाही.

आणि घरचे काय? महिन्याचा पगार बंद झाला त्या दिवशी चुलीचा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या पुढ्यात आला. संन्यास घेतला तरी टिळकांनी संसार टाकला नव्हता. भगव्या वस्त्रांतही घरात ते पती व पिताच होते. पण पुढची तरतूद काही नव्हती. नवऱ्याच्या श्रद्धेचा खर्च बहुधा बायकोच्या खाती लिहिला जातो, हे आपल्या जुन्या घरांतून कोणास नव्याने सांगावयास नको. लक्ष्मीबाईंनी तो खर्च सोसला. मात्र डोळे मिटून नव्हे. पुढे १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या स्मृतिचित्रांत त्यांनी पतीचे थोरपण आणि विक्षिप्तपण दोन्ही सारख्याच प्रांजळपणे, हसत हसत, मांडले.

टिळकांचा हा वानप्रस्थ उणीपुरी दोन वर्षे टिकला. प्रकृती ढासळली, आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी देह ठेविला. दरबार त्यांच्यामागे फार काळ चालला नाही. १९०९ साली आरंभलेले ख्रिस्तायन हे महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवरच थांबले होते. ज्या बाईला लग्नानंतर नवऱ्याने हाती पाटी दिली होती तिने पुढे साठांहून अधिक अध्याय रचून ते जवळजवळ पुरे केले. १९३६ साली त्या गेल्या. शेवटचा हात त्यांचे चिरंजीव देवदत्त ह्यांनी फिरविला, आणि १९३८ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला.

हिशेबी माणसाच्या वहीत टिळकांची अखेरची दोन वर्षे तोट्याच्या बाजूस पडतील. पगार गेला, दरबार मोडला, ग्रंथ अपुरा राहिला. पण नोकरीबरोबर धर्मही संपला असे त्यांच्या बाबतीत झाले नाही. वेतन थांबल्यावर जे काम माणूस तसेच चालू ठेवतो तेच त्याचे खरे काम असते. टिळकांचे ते काम साताऱ्याच्या बिऱ्हाडी भजनाला बसण्याचे होते. लक्ष्मीबाईंचे काम त्यांच्यामागे सतरा वर्षे चालले, आणि कोणत्याही मिशनच्या पगारपत्रकावर त्याची नोंद झाली नाही.