शंकरराव चव्हाण: सेन्सर नव्हते तेव्हा पाण्याचा हिशेब मांडणारे नांदेडकर

आयओटी म्हटलं की आपल्याला स्मार्ट बल्ब आठवतो. मराठवाड्यात मात्र याचा मोठा उपयोग पाण्यासाठी आहे. धरणात किती आलं, कालव्यात किती सोडलं आणि शेवटच्या शेतात किती पोचलं? ज्यांचं राजकारण याच प्रश्नांभोवती फिरलं, त्या शंकररावांची आज ओळख करून घेऊया.

जन्म १४ जुलै १९२०, पैठणचा. वकील झाले, पण हैदराबाद मुक्तिसंग्रामात उतरले आणि वकिली सुटली. मग नांदेडचे नगराध्यक्ष, पुढे आमदार, मंत्री. १९६०च्या दशकात पाटबंधारे खातं त्यांच्याकडे आलं आणि गोदावरीवर मोठं धरण बांधायचं ठरलं, तेही त्यांच्याच जन्मगावी. मूळ जागा बीड जिल्ह्यातल्या जायकवाडीची, म्हणून नाव तेच राहिलं. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी लोकार्पण. तेव्हा मुख्यमंत्री होते स्वतः शंकरराव. २७ दरवाजे, साठा शंभर टीएमसीच्या आसपास. त्यासाठी शंभरावर गावांना पाण्याची झळ बसली, हेही लक्षात ठेवायला हवं.

आता गंमत बघा. धरणाचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे. वरच्याने जास्त पाणी उचललं, तर खालच्याला कोरडा कालवाच दिसणार. त्या काळी मोजणी म्हणजे काठावरची रंगवलेली पट्टी, ती वाचणारा कर्मचारी आणि त्याची वही. आज हेच काम रडार सेन्सर करू शकतो. तो पाण्याच्या पृष्ठभागावर लहरी सोडतो, त्या परत यायला लागलेल्या वेळेवरून पातळी काढतो आणि आकडा सिमवरून किंवा लोरा नेटवर्कवरून पाठवतो. लोरा म्हणजे अगदी थोडा डेटा, पण कमी बॅटरीत कित्येक किलोमीटर. व्हिडिओ जाणार नाही, पातळीचा आकडा आरामात जातो.

शंकररावांना लोक हेडमास्तर म्हणायचे. १९८६ मध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाल्यावर त्यांनी शून्याधारित अर्थसंकल्प आणला, म्हणजे प्रत्येक खर्च नव्याने सिद्ध करा. पाण्याबाबतही तोच खाक्या: बारमाही उसापेक्षा आठमाही पाणी, म्हणजे तेवढ्याच पाण्यात जास्त शेतं. ऊसवाल्यांना हे रुचणार नव्हतंच! माझ्या मते त्यांचा सगळ्यात धाडसी विचार हाच होता, धरणापेक्षाही.

२६ फेब्रुवारी २००४ ला ते गेले. बारा वर्षांनी मांजरा धरण आटलं आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. आता महावेधची स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळांत पाऊस मोजतात. २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त झाला की अतिवृष्टी, आणि नुकसानभरपाईच्या वादात तोच आकडा पुढे येतो. नांदेडजवळच्या विष्णुपुरी प्रकल्पाला शंकररावांचं नाव आहे. पावसाळ्यात त्याचे किती दरवाजे उघडले, हे नांदेडकर आता फोनवरच बघतात.