खासदार दादासाहेब गायकवाड : संसदेतून गायरानाकडे पाहणारा नेता

कर्मवीर दादासाहेब गायकवाड हे नाव आज आपल्या भागात अनेकांना एका शासकीय योजनेमुळे माहीत आहे. समाजकल्याण कार्यालयात भूमिहीन कुटुंबाचा अर्ज भरताना वर हे नाव छापलेले असते. औसा तालुक्यात काम करताना या योजनेची चौकशी करणारी माणसे मला नेहमी भेटतात. योजनेला नाव दिलेला हा माणूस कोण, त्याने जमिनीसाठी काय केले आणि तो लोकसभेत कसा गेला, हे मात्र तरुण पोरांना सांगता येत नाही. २९ डिसेंबर हा दादासाहेबांचा स्मृतिदिन. त्या निमित्ताने त्यांचे आयुष्य नीट समजून घेतले पाहिजे, कारण त्यांनी मागितले ते एक होते आणि त्यांच्या नावाने मिळते ते दुसरेच आहे.

भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात आंबे या गावी झाला. गावकुसाबाहेरचे घर, वतनाची कामे, शिवाशिव हे सगळे त्यांच्या वाट्याला आले. तरुणपणीच ते बाबासाहेबांच्या चळवळीत आले आणि शेवटपर्यंत त्यांच्या अगदी जवळचे सहकारी राहिले. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रे पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. चळवळीची अनेक अवघड कामे बाबासाहेब त्यांच्यावर कशी सोपवत, हे त्या पत्रांवरून कळते.

त्यातले पहिले मोठे काम म्हणजे नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह. २ मार्च १९३० रोजी तो सुरू झाला. दादासाहेब सत्याग्रह समितीचे सचिव होते. त्या वर्षीच्या रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली, माणसे जखमी झाली. लढा पुढे काही वर्षे चालला, पण मंदिराचे दरवाजे काही उघडले नाहीत. १९३४ साली बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्र लिहून आपली भूमिका स्पष्ट केली. देवळात जाऊन आपले लोक सुखी होतील म्हणून हा सत्याग्रह नव्हता, माणसांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून तो होता, आणि आता ताकद शिक्षण व राजकारणाकडे लावली पाहिजे, असा त्या पत्राचा आशय होता. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली.

१९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीत दादासाहेब मुंबई प्रांताच्या विधानसभेवर निवडून गेले. हा पक्ष केवळ अस्पृश्यांचा नव्हता, तो कष्टकऱ्यांचा होता. खोती नष्ट करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी याच काळात मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधानसभेवर गेला. जमिनीचा प्रश्न सभागृहातही मांडायचा आणि रस्त्यावरही लढायचा, ही रीत दादासाहेबांनी इथे शिकली आणि जन्मभर सोडली नाही.

स्वातंत्र्य आले, संविधान आले, प्रत्येकाला मत मिळाले. पण खेड्यातला आपला माणूस ज्याच्या रानात राबत होता त्याच्याच मर्जीवर जगत होता. मत स्वतःचे, पण भाकरी दुसऱ्याच्या हातात. १९५२ साली मुंबईत आणि १९५४ साली भंडाऱ्यात खुद्द बाबासाहेबांना लोकसभेच्या निवडणुकीत पराभव पत्करावा लागला. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत त्यांनी खेड्यातल्या भूमिहीनांसाठी आपल्याला फारसे करता आले नाही, ही खंत बोलून दाखवली. ते काम दादासाहेबांनी स्वतःकडे घेतले.

त्याची सुरुवात मराठवाड्यात आधीच झाली होती, ही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट आहे. १९५३ साली बाबासाहेबांच्या सांगण्यावरून बी. एस. मोरे यांच्या नेतृत्वाखाली शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने इथे पडीक व गायरान जमिनीचा सत्याग्रह केला. तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. निजामी राजवट जाऊन पाचच वर्षे झाली होती, पण गावातला देशमुख, पाटील आणि त्याची जमीन जिथल्या तिथे होती.

१९५६ साली दादासाहेबांनी बौद्ध धम्माचा स्वीकार केला. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि अवघ्या काही महिन्यांत सार्वत्रिक निवडणूक आली. फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील होऊन लढले. दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर निवडून आले. आपल्या शेजारच्या नांदेडमधून हरिहरराव सोनुले फेडरेशनच्याच तिकिटावर खासदार झाले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली, तेव्हा दादासाहेब त्याच्या पहिल्या फळीतले नेते होते.

खासदार म्हणून त्यांनी दोन प्रश्न लावून धरले. पहिला बौद्धांच्या सवलतींचा. धम्म स्वीकारला म्हणून केंद्राच्या सवलती बंद झाल्या होत्या. धर्म बदलला तरी गावाने वागवण्याची रीत बदललेली नाही, गरिबी बदललेली नाही, मग सवलत का जावी, हा साधा प्रश्न होता. महाराष्ट्र राज्याने १९६० साली राज्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्राच्या सवलतींसाठी मात्र १९९० साल उजाडावे लागले. दादासाहेब तेव्हा हयात नव्हते.

दुसरा प्रश्न जमिनीचा. १९५९ साली त्यांनी मराठवाडा, खानदेश, नाशिक भागात भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. तेव्हा आपला औसा उस्मानाबाद जिल्ह्यात होता. मागणी सरळ होती : सरकारच्या ताब्यात पडून असलेली जमीन, गायरान आणि पडीक, कसणाऱ्या भूमिहीनाच्या नावे करा. त्याच काळात देशात भूदानाची चळवळ चालू होती. तिथे जमीनदाराने मन मोठे करून जमीन द्यायची होती. दादासाहेबांना दान नको होते, हक्क हवा होता. आणि हा लढा केवळ बौद्धांचा नव्हता, कोणत्याही जातीचा भूमिहीन त्यात येऊ शकत होता.

याच मुद्द्यावर पक्षात फूट पडली. बी. सी. कांबळे यांच्या बाजूची मंडळी बहुतेक शिकलेली, शहरातली, वकिली करणारी. सत्याग्रहाचा मार्ग बाबासाहेबांच्या घटनात्मक मार्गात बसत नाही आणि आर्थिक लढ्यामुळे पक्ष कम्युनिस्टांच्या वळणावर जातो, असा त्यांचा आक्षेप होता. दादासाहेब धोतर नेसणारे, खेड्यात वावरणारे, खेड्याच्या भाषेत बोलणारे. एक गट दुरुस्त आणि दुसरा नादुरुस्त अशी नावेही पडली. कांबळे यांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता, कारण घटनेचा मार्ग सांभाळण्याची काळजी खरी होती. पण घटनेने दिलेला हक्क वापरायला पायाखाली जमीन लागते, हे दादासाहेबांना जास्त नेमके कळले होते, असे मला वाटते.

१९६२ ते १९६८ ते राज्यसभेचे सदस्य होते. याच काळात त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा लढा झाला. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांचे निवेदन देऊन ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर सत्याग्रह सुरू झाला. कसेल त्याला जमीन, पडीक जमिनीचे वाटप, धान्याचे योग्य वितरण, शेतमजुरांना किमान वेतन, झोपडपट्टीवासीयांना संरक्षण, बौद्धांना सवलती आणि संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र, अशा त्या मागण्या होत्या. फेब्रुवारी १९६५ पर्यंत तीन लाखांहून अधिक लोक तुरुंगात गेले, अशी चळवळीची नोंद आहे. बायका कडेवर लेकरे घेऊन तुरुंगात गेल्या. नाशिकच्या शांताबाई दाणी त्यात होत्या. सरकारने आश्वासने दिली, काही ठिकाणी जमिनी मिळाल्या. मध्यवर्ती सभागृहात तैलचित्र लागायला मात्र १९९० साल यावे लागले.

दादासाहेबांच्या एका निर्णयावर आजही वाद होतो. १९६७ साली त्यांनी यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसशी समझोता केला. सत्तेत थोडा वाटा मिळेल, गावात आपल्या माणसाला आधार मिळेल, हा हिशेब होता. प्रत्यक्षात पक्षाची स्वतंत्र ताकद ओसरली आणि पुढचे नेते एकेक करून सत्तेच्या दारात उभे राहिले. ही बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण त्या एका निर्णयावरून चाळीस वर्षांचे काम मोडीत काढणेही बरोबर नाही. १९६८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

आता त्यांच्या नावाच्या योजनेकडे येऊ. २००४ साली सुरू झालेल्या कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेत दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन दिली जाते. आधी निम्मे कर्ज होते, २०१८ पासून पूर्ण अनुदान आहे. योजना चांगली आहे, पण ही जमीन खासगी मालकाकडून विकत घ्यायची आहे. म्हणजे गावातल्या कुणीतरी शासनाच्या दराने आपल्याला जमीन विकायला तयार व्हावे लागते. रस्त्याकडेच्या जमिनींचे भाव कुठल्या कुठे गेलेले असताना कोण विकणार? अर्ज पडून राहतात. भूमिहीनाचे भाग्य पुन्हा जमीनवाल्याच्या मर्जीवर येऊन थांबते, आणि दादासाहेबांना नेमके हेच नको होते.

त्यांची मूळ मागणी सरकारच्या स्वतःच्या जमिनीची होती, आणि ती अर्धवट पडली आहे. १४ एप्रिल १९९० पूर्वी गायरान कसणाऱ्या मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय राज्य शासनाने १९९१ साली घेतला. तरीही मराठवाड्यात दोन-दोन पिढ्या ज्वारी-तूर पिकवणाऱ्या कुटुंबांच्या नावे सातबारा नाही. तो नसल्याने पीककर्ज नाही, पीकविमा नाही, दुष्काळाची मदत नाही. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे काढायला सांगितली, तेव्हा शासनाच्या आदेशाने भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवादही केला. नोटीस येते तेव्हा हा अपवाद कुणी सांगत नाही.

म्हणून या स्मृतिदिनी विहारात फोटोला हार घालून झाला की एक काम करावे. गायरान कसणाऱ्या कुटुंबांना बोलवावे. तलाठ्याकडच्या गाव नमुना १-ई मध्ये त्यांची नोंद कोणत्या वर्षापासून आहे ते पाहावे, नक्कल मागावी. जुन्या दंडाच्या पावत्या घरात असतील तर जपून ठेवाव्यात. पुरावा तयार ठेवून तहसीलला सामुदायिक अर्ज द्यावा, आणि आपल्या आमदार-खासदाराला विचारावे की सभागृहात हा प्रश्न त्यांनी कितीदा मांडला. दादासाहेब खासदार असताना तो मांडत होते, आणि सभागृह संपले की तीच मागणी घेऊन लोकांबरोबर तुरुंगात जात होते.

कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांना विनम्र अभिवादन. जय भीम.