वैमानिका एमी जॉन्सन

इंग्लंडच्या पूर्व भागात, हंबर नदीच्या मुखाजवळ, हल नावाचे जुने बंदर आहे. उत्तर समुद्रातून मासळीने भरलेल्या नौका तेथे येत आणि ती मासळी आगगाडीने देशभर रवाना होई. या मासळीच्या व्यापारात असलेल्या एका सुखवस्तू कुटुंबात १ जुलै १९०३ रोजी एमी जॉन्सनचा जन्म झाला. बहिणींत ती थोरली. लहानपणी ती हूड होती. मुलांच्या खेळांत ती मागे राहत नसे. एकदा क्रिकेटचा चेंडू तोंडावर बसून तिचे पुढचे दात तुटले. तेव्हापासून मात्र ती काहीशी संकोची झाली व चारचौघांत बोलण्यास बुजू लागली. पुढे हीच मुलगी अर्धे जग एकटी ओलांडून जाईल, असे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

शालेय शिक्षणानंतर एमी शेफील्ड विद्यापीठात गेली व १९२५ मध्ये पदवीधर झाली. काही काळाने ती लंडनला आली आणि एका वकिलाच्या कचेरीत टंकलेखिकेचे काम करू लागली. दिवसभर पत्रे टंकित करावी आणि संध्याकाळी भाड्याच्या खोलीत परतावे, असा तिचा क्रम होता. या ठरावीक आयुष्यात तिचे मन रमेना. अशा वेळी लंडनच्या उत्तरेस असलेल्या स्टॅग लेन या विमानतळाकडे तिचे लक्ष गेले.

तोपर्यंत विमान म्हणजे सैन्याची किंवा धनिकांची गोष्ट, असेच लोकांना वाटे. १९२५ मध्ये डी हॅव्हिलंड यांच्या कारखान्याने ‘मॉथ’ नावाचे एक लहान विमान तयार केले आणि ही समजूत बदलू लागली. त्याचा सांगाडा लाकडी असून त्यावर कापड ताणून बसविलेले असे. एकावर एक असे दोन पंख आणि एकामागे एक अशा दोन उघड्या बैठका, एवढाच त्याचा पसारा. पंख मागे दुमडले की ते लहानशा छपराखाली मावे. मोटारीमागे बांधून रस्त्याने नेताही येई. याच सुमारास सरकारी मदतीने ठिकठिकाणी विमान मंडळे निघाली. तेथे सामान्य नोकरदारालाही थोड्या खर्चात विमान चालविण्यास शिकता येऊ लागले. स्टॅग लेन येथे असेच एक मंडळ होते. एमीने त्यात आपले नाव नोंदविले.

१९२८ च्या सप्टेंबर महिन्यात तिला पहिला धडा मिळाला. तो फारसा उत्साहजनक ठरला नाही. डोक्यावरची कातडी टोपी तिला सैल होत होती. त्यामुळे पुढे बसलेल्या शिक्षकाच्या सूचना तिला नीट ऐकू येईनात. तिच्या हातून चुका झाल्या आणि ही मुलगी काही वैमानिक होणार नाही, असे शिक्षकाचे मत झाले. एमी मनात खट्टू झाली, पण दुसऱ्या धड्यास ती पुन्हा हजर राहिली.

विमान चालविण्याचे मूळ तत्त्व समजण्यास अवघड नाही. हातातील दांडा मागे ओढला की विमानाचे नाक वर होते. पुढे लोटला की ते खाली झुकते. दांडा बाजूस कलविला की विमानही त्या बाजूस कलते. पायाखालच्या पट्टीने मागचे सुकाणू वळते. खरी कसोटी असते ती जमिनीवर उतरताना. वेग किती कमी करावा, जमीन किती खाली आहे आणि वारा कोणत्या दिशेने वाहत आहे, याचा अंदाज क्षणात घ्यावा लागतो. एमीला हे उतरणेच साधत नसे. पुष्कळ विद्यार्थी याहून थोड्या वेळाच्या शिक्षणानंतर एकट्याने उड्डाण करीत; एमीला मात्र पावणेसोळा तास शिकावे लागले. अखेर ९ जून १९२९ रोजी ती प्रथमच एकटी आकाशात गेली आणि सुखरूप खाली आली. पुढच्याच महिन्यात तिला वैमानिकाचा परवाना मिळाला.

इतरांनी येथेच समाधान मानले असते. एमीची जिज्ञासा मात्र आता जागी झाली होती. आपण ज्या यंत्राच्या भरवशावर जमिनीपासून वर जातो ते आतून कसे आहे, हे आपल्याला ठाऊक नको काय, असा प्रश्न तिला पडला. विमाने ठेवण्याच्या छपराखाली मंडळाचे कारागीर एंजिने उघडून दुरुस्त करीत. ती त्यांच्यात जाऊन काम करू लागली. प्रथम कारागिरांना तिचे येणे रुचले नाही. एक सुशिक्षित तरुणी किती दिवस तेलात हात घालील, असे त्यांना वाटले. पण एमी नेमाने येत राहिली. हातात पाना घेऊन ती बोल्ट आवळी, झडपा घाशी, फाटलेल्या पंखांचे कापड शिवी आणि त्यावर रोगण चढवी. काही महिन्यांतच ते सारे तिला आपल्यापैकीच एक मानू लागले आणि प्रेमाने ‘जॉनी’ म्हणून हाक मारू लागले. मंडळाचे मुख्य यंत्रज्ञ जॅक हम्फ्रीज यांनी तिला ही विद्या मनापासून शिकविली. १९२९ संपण्यापूर्वी तिने विमानयंत्रज्ञाचा सरकारी परवाना मिळविला. हा परवाना मिळविणारी ती ब्रिटनमधील पहिली स्त्री होय.

आता तिच्या मनाने एक मोठा बेत धरला. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत आपण एकटीने उडत जावे, असे तिला वाटू लागले. १९२८ मध्ये बर्ट हिंक्लर या वैमानिकाने हा प्रवास साडेपंधरा दिवसांत पुरा केला होता. त्याहून कमी दिवसांत जाण्याची तिची इच्छा होती. कोणाही स्त्रीने तोपर्यंत हा मार्ग एकटीने आक्रमिला नव्हता. तिचा स्वतःचा अनुभव शंभर तासांच्या उड्डाणाहूनही कमी होता. मदतीसाठी तिने अनेकांची दारे ठोठावली. बहुतेकांनी नकार दिला. शेवटी तिचे वडील आणि तेलाचे व्यापारी लॉर्ड वेकफील्ड या दोघांनी मिळून ६०० पौंडांचा भार उचलला. त्यातून एक जुने ‘जिप्सी मॉथ’ विमान विकत घेण्यात आले. वडिलांच्या पेढीच्या मालावर ‘जेसन’ ही मुद्रा असे. तेच नाव एमीने आपल्या विमानाला दिले. ग्रीक पुराणकथांतील एका साहसी दर्यावर्दी वीराचे ते नाव आहे.

५ मे १९३० रोजी सकाळी क्रॉयडन विमानतळावरून ती निघाली. निरोप देण्यास वडील आणि मोजकीच मंडळी होती. पेट्रोलच्या जादा टाक्यांमुळे विमान जड झाले होते. पहिल्या धावेत ते जमीन सोडीना. एमीने ते परत फिरविले, पुन्हा धाव घेतली आणि या वेळी ते वर चढले. जवळ बिनतारी संदेशयंत्र नव्हते. नकाशा, होकायंत्र आणि खालची भूमी हेच तिचे मार्गदर्शक. ताशी सुमारे ८५ मैलांच्या वेगाने, उघड्या बैठकीत वारा सोशीत ती पुढे जाई. जादा टाक्यांतील पेट्रोल तिला हाताने पंप मारून वरच्या टाकीत चढवावे लागे आणि त्याच्या वासाने मळमळू लागे. दिवसभर उडावे आणि मुक्कामाला पोहोचल्यावर विश्रांती घेण्यापूर्वी एंजिन तपासावे, असा तिने नियम केला.

व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, अलेप्पो असे मुक्काम होत गेले. तुर्कस्तानातील टॉरस पर्वताच्या खिंडीत ढगांनी वाट झाकली. तरीही कड्यांना चुकवीत ती पलीकडे गेली. बगदादच्या वाटेवर वाळूच्या वादळाने विमान एकाएकी खाली लोटले. एमी कशीबशी वाळवंटात उतरली. विमान वाऱ्याने उलटू नये म्हणून तिने चाकांना सामानाचा आधार लावला, एंजिन झाकले आणि वादळ ओसरेपर्यंत ती शेपटीवर बसून राहिली. सहाव्या दिवशी ती कराचीस पोहोचली. येथवर हिंक्लरला आठ दिवस लागले होते. टंकलेखिकेचे काम करणारी एक अज्ञात मुलगी त्याच्याही पुढे आहे, हे वृत्त आता जगभर पसरले. योगायोग असा की, त्याच महिन्यात जे. आर. डी. टाटा व अस्पी इंजिनियर हे भारताचे तरुण वैमानिकही तशाच जिप्सी मॉथ विमानांतून भारत आणि इंग्लंड यांच्यामध्ये एकट्याने उडण्याच्या स्पर्धेत उतरले होते.

कराचीहून एमी अलाहाबादकडे निघाली. समोरून जोराचा वारा असल्यामुळे पेट्रोल वाटेतच संपत आले आणि तिला झाशी येथे लष्कराच्या कवायतीच्या मैदानावर उतरावे लागले. तेथे विमानाच्या पंखास इजा झाली. ती दुरुस्त करून अलाहाबाद व कलकत्ता मागे टाकीत ती ब्रह्मदेशाकडे वळली. तेथे पावसाळ्याने तिला गाठले. १३ मे रोजी मुसळधार पावसात रंगूनचे मैदान शोधता शोधता ती जवळच्या इनसीन गावी एका तंत्रशिक्षण संस्थेच्या क्रीडांगणावर उतरली. विमान घसरत जाऊन खड्ड्यात पडले. पुढचा पंखा मोडला, चाकांचा आधार वाकला, बाजूच्या पंखाचे कापड फाटले.

विक्रमाची आशा येथे मावळली. मनातून एमी फार खचली असली पाहिजे. पण रडत बसण्यास वेळ नव्हता. संस्थेतील शिक्षक आणि विद्यार्थी मदतीस धावले. पंखांसाठी योग्य असे कापड तेथे मिळेना. तेव्हा कोणास तरी आठवले की, पहिल्या महायुद्धातील विमानांचे शिल्लक कापड त्या भागात आले होते आणि लोकांनी त्याचे शर्ट शिवले होते. ते शर्ट मिळवून, उसवून पंखांवर बसविण्यात आले. पुढचा जादा पंखा एमीने इंग्लंडहूनच विमानाच्या बाजूला बांधून आणला होता. तो तिने स्वतः बसविला आणि एंजिनही स्वतःच तपासले. स्टॅग लेनच्या छपराखाली हात काळे करून मिळविलेली विद्या अशी परमुलखात उपयोगी पडली. तिसऱ्या दिवशी विमान पुन्हा आकाशात गेले.

विक्रम हातचा गेल्यावर तिने प्रवास सोडला असता, तरी कोणी तिला दोष दिला नसता. पण आरंभलेला मार्ग पुरा करणे हेच आता तिचे ध्येय झाले. बँकॉक, सिंगापूर, जावा असे टप्पे ओलांडीत ती पुढे गेली. जावा बेटावर उसाच्या मळ्यात उतरताना रोवलेल्या बांबूंनी पंखांना भोके पडली. ती तिने जखमेवर लावण्याच्या चिकटपट्टीने बुजविली. तिमोर बेटावर ती अशा आडगावी उतरली की, जगाला तिचा पत्ताच लागेना. ती समुद्रात बुडाली असावी, अशी भीती लोकांना वाटू लागली. अखेर सुमारे ५०० मैलांचा तिमोर समुद्र एका झेपेत ओलांडून २४ मे १९३० रोजी ती ऑस्ट्रेलियातील डार्विन येथे उतरली. एकूण सुमारे ११,००० मैलांचा, म्हणजे जवळजवळ १८,००० किलोमीटरचा प्रवास तिने केला होता. विक्रम मोडला नव्हता; परंतु इंग्लंडहून ऑस्ट्रेलियास एकटीने उडत जाणारी जगातील पहिली स्त्री म्हणून तिचे नाव अजरामर झाले.

त्यानंतर सत्कारांना अंत राहिला नाही. एका वृत्तपत्राने तिला १०,००० पौंड दिले. तिच्यावर गाणी रचली गेली. इंग्लंडच्या राजाने तिला बहुमान दिला. कीर्ती लाभली तरी शिकणे आणि उडणे तिने थांबविले नाही. १९३१ मध्ये जॅक हम्फ्रीज यांच्यासह ती मॉस्कोमार्गे टोकियोला गेली. १९३२ मध्ये तिने लंडन ते केप टाउन हे अंतर एकटीने विक्रमी वेळात पार केले. कारागिरांत बसून शिकलेल्या या स्त्रीस पुढे ब्रिटनमधील स्त्री अभियंत्यांच्या संस्थेने आपली अध्यक्षा निवडले.

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर १९४० मध्ये ती विमाने पोहोचविणाऱ्या दलात दाखल झाली. कारखान्यातून किंवा एका तळावरून दुसऱ्या तळावर विमाने नेणे हे या दलाचे काम. त्यात गाजावाजा नव्हता, सत्कारही नव्हते. ५ जानेवारी १९४१ रोजी असेच एक विमान नेत असता वाईट हवामानात ती मार्ग चुकली व टेम्स नदीच्या मुखावर येऊन पोहोचली. छत्रीच्या साहाय्याने ती गोठलेल्या थंड पाण्यात उतरली. जवळच्या एका जहाजावरून वॉल्टर फ्लेचर या अधिकाऱ्याने तिला वाचविण्यासाठी समुद्रात उडी टाकली. पण त्या थंडीने त्याचाही बळी घेतला. एमीचा देह सापडला नाही. तेव्हा तिचे वय अवघे ३७ वर्षांचे होते.

तिचे ‘जेसन’ विमान लंडनच्या विज्ञान संग्रहालयात जपून ठेवले आहे. लाकूड आणि कापड यांचे ते नाजूक विमान पाहून, यातून एकटीने समुद्र आणि वाळवंटे ओलांडली यावर विश्वास बसत नाही. लोकांना एमीचे धाडस दिसले; परंतु त्या धाडसाच्या मागे छपराखाली तेलाने माखलेल्या हातांनी केलेली कित्येक महिन्यांची मेहनत होती. पहिल्या धड्यात जिच्याविषयी शिक्षकाने निराशा प्रकट केली, तिनेच पुढे साऱ्या जगाला उड्डाणाचा धडा दिला.