सुईणींचा उस्ताद : अबुल कासिम अज्-जहरावी

विद्यार्थी मित्रहो, स्पेनमधील कुर्तुबा या शहराचे नाव आपण इतिहासात वाचले असेलच. अंदलूसच्या या राजधानीजवळ खलिफा अब्दुर्रहमान तिसरा यांनी इ. स. 936 च्या सुमारास मदीनतुज्जहरा हे नवे नगर वसविण्यास आरंभ केला. त्याच काळात याच नगरीत अबुल कासिम खलफ यांचा जन्म झाला. नगरावरून त्यांस अज्-जहरावी म्हणू लागले. त्यांचे चरित्र म्हणजे त्यांचा ग्रंथच होय. सुमारे इ. स. 1000 मध्ये पूर्ण झालेल्या ‘अत्-तसरीफ’चे तीस भाग आहेत. शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा असून त्यात सुमारे दोनशे हत्यारांच्या आकृत्या आहेत.

या भागातील काही प्रकरणे त्यांनी खास सुईणींना शिकविण्यासाठी लिहिली. बड्या दरबारातील हकिमाने अडलेल्या बाईची काळजी वाहावी, ही गोष्ट आपण लक्षात घ्यावी. मूल डोक्याकडून येत आहे की पायाकडून, हे सुईणीने आधी ओळखले पाहिजे, असे ते शिकवीत. मूल सरळ असूनही बाई थकली असेल, तर तिला आधार देऊन बसवावे, मेथीच्या काढ्याने व तेलाने शेक द्यावा, आणि पाणमोट फोडावी, असा त्यांचा क्रम होता. शिंका आणविण्याचा व नाकतोंड दाबून धरण्याचाही उपाय त्यांनी सांगितला आहे. तो मात्र आज कोणी करू नये! पाणमोटही आज डॉक्टर तपासून गरज असेल तरच फोडतात. गर्भाशयाचे मुख उघडण्यासाठी स्क्रूने फिरणारे लाकडी यंत्रही त्यांनी आकृतीसह दिले आहे.

गर्भाशयाच्या या मुखावरच सारे अवलंबून असते. पहिलटकरणीचे हे मुख आधी मऊ होते, आखूड व पातळ होते, आणि मग उघडू लागते. पूर्वी बाळंत झालेल्या बाईत पातळ होणे व उघडणे बहुधा बरोबरच चालते, म्हणून तिची सुटका लवकर होते. पूर्ण उघडणे म्हणजे सुमारे 10 सेंटिमीटर. पहिले 5 सेंटिमीटर होईपर्यंत किती तास लागतील याचे ठरीव माप नाही. तेथून पुढे पहिलटकरणीला साधारणतः 12 तासांहून अधिक लागू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली सांगितले आहे. माता-भगिनींनो, आपल्या घरी मुलीला पहिल्या कळेपासूनच ‘जोर कर, जोर कर’ म्हणतात. मुख उघडलेले नसताना केलेल्या जोराने मुलगी थकते, मुखाला सूज येऊ शकते आणि काम अधिकच लांबते. उलट पाणी गेले असता, रक्त जात असता किंवा बाळाची हालचाल मंदावली असता घरी वाट पाहत बसणे हा दुसरा घातक प्रकार. अशा वेळी तत्काळ दवाखाना गाठावा.

जहरावींच्या काळी अशी तपासणी कोण करणार? स्त्रियांच्या मूतखड्याविषयी लिहिताना त्यांनी निपुण स्त्री वैद्य दुर्मिळ असल्याची अडचण मांडली. अशी स्त्री न मिळाल्यास जाणत्या सुईणीला आपल्या सूचनेप्रमाणे काम करावयास लावावे, असा मार्ग त्यांनी काढला. हकीम बाहेर, हात सुईणीचा. हात शिकलेला नसेल तर हकिमाची विद्या दाराबाहेरच राहणार, हे त्यांना कळून चुकले होते. शरीररचनेचा अभ्यास न करता हत्यार धरणाऱ्या आपल्या देशबांधवांवरही त्यांनी कडक टीका केली आहे.

त्यांचे अखेरचे दिवस यादवी युद्धाचे होते. इ. स. 1009 पासून कुर्तुब्यात बंडाळी माजली, मदीनतुज्जहरा लुटले गेले, आणि 1013 च्या सुमारास जहरावी कालवश झाले. नगर मातीला मिळाले, पण ग्रंथ उरला. बाराव्या शतकात तोलेदो येथे जेरार्ड यांनी शस्त्रक्रियेचा भाग लॅटिनमध्ये नेला आणि पुढे कित्येक शतके युरोपचे शल्यवैद्य त्यावर शिकले. आपल्या देशातही, लखनौ येथे, 1908 साली हा भाग मूळ अरबीत छापून निघाला.