सम्राट अशोक : पश्चात्तापानंतरचे राज्य

अशोकाची गोष्ट तुम्ही शाळेत वाचली असेल. कलिंगचे युद्ध झाले, रणांगणावरचा संहार पाहून राजाचे मन पालटले, त्याने तलवार खाली ठेवली आणि तो बुद्धांना शरण गेला. पाठ्यपुस्तकातला धडा साधारण इथेच संपतो. आपल्यालाही अशाच गोष्टी आवडतात, कारण त्यांत माणूस एका क्षणात बदलतो आणि पुढचे सगळे आपोआप सोपे होते.

पण जरा हिशेब करून पाहा. कलिंगचे युद्ध साधारण इ.स.पू. २६१ मधले. अशोकाचा मृत्यू इ.स.पू. २३२ च्या सुमाराचा. म्हणजे मन पालटल्यावरही तो जवळजवळ तीस वर्षे सिंहासनावर होता. सैन्य, तुरुंग, करवसुली, सीमेवरची भांडणे, हे सगळे त्याच्या हातात तसेच राहिले. तुम्ही सोसायटीचे सेक्रेटरी असाल, शाळेचे मुख्याध्यापक असाल किंवा घरातले मोठे असाल, हा प्रश्न तुमच्याही ओळखीचा असणार. आतून बदललेल्या माणसाने हातातली सत्ता वापरायची कशी? अशोकाच्या आयुष्यातला हाच भाग आज तुमच्यासमोर ठेवते.

अशोक हा चंद्रगुप्त मौर्याचा नातू आणि बिंदुसाराचा मुलगा. आजोबांनी हे राज्य चाणक्यांच्या सल्ल्याने उभारले अशी परंपरा आहे, तेव्हा साम, दाम, दंड, भेद यांचे बाळकडू त्याला घरातच मिळाले असणार. तरुणपणी तो उज्जैनला राजप्रतिनिधी होता असे बौद्ध ग्रंथ सांगतात. गादीसाठी त्याने नव्व्याण्णव भावांना मारले ही कथाही त्यांतलीच. ती शब्दशः धरू नका, कारण अशोकाच्याच एका शिलालेखात त्याच्या भावाबहिणींच्या घरांत काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांचा उल्लेख येतो.

राज्याभिषेकाला आठ वर्षे झाली तेव्हा त्याने कलिंग जिंकला. म्हणजे आजच्या ओडिशाचा किनारा आणि त्याला लागून असलेला आंध्रचा उत्तर भाग. युद्ध का केले, हे त्याने कुठेच सांगितलेले नाही. काय झाले ते मात्र तेराव्या शिलालेखात कोरून ठेवले. दीड लाख माणसे तिथून हलवून नेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट नंतर मेली. मी कॉमर्सची विद्यार्थिनी, आकडे दिसले की थांबते. कंपन्यांच्या अहवालात अडचणीचा आकडा बहुतेक वेळा मागच्या पानावर, एखाद्या टिपेत, बारीक अक्षरात असतो. इथे जिंकलेला राजा स्वतःच्या खात्याची नावे बाजू खडकावर कोरून घेतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. आणि तेवढ्यावर थांबत नाही. जे स्वतः वाचले पण ज्यांच्या जिवलगांवर आघात झाला, त्यांचे दुःखही तो मोजतो. त्या वेळी जेवढे लोक मेले किंवा हलवले गेले, त्यांच्या शंभराव्या किंवा हजाराव्या हिश्श्याला जरी आता तसे भोगावे लागले, तरी आपल्याला ते जड जाईल, असे तो कबूल करतो.

आता अवघड भाग.

एवढे सगळे वाटूनही अशोकाने कलिंग परत केला नाही. हलवून नेलेल्या दीड लाख लोकांना घरी पाठवले, असेही कोणत्या लेखात नाही. तोसली आणि समापा या ठिकाणी मौर्यांचे अधिकारी बसले आणि कलिंग साम्राज्याचा एक प्रांत होऊन गेला. त्याच तेराव्या लेखात, पश्चात्तापाच्या ओळी संपतात न संपतात तोच, तो रानात राहणाऱ्या जमातींना बजावतो: राजाला पश्चात्ताप झाला असला तरी त्याच्याकडे बळ आहे, तेव्हा आपल्या कृत्यांची लाज बाळगा, म्हणजे जीव गमवावा लागणार नाही. भाषांतरासाठी टिपणे काढताना मी इथे अडकले होते. एका हाताने डोळे पुसायचे आणि दुसरा हात तलवारीच्या मुठीवर! हा आपल्या गोष्टीतला अशोक नव्हे असे वाटले.

याहून खटकणारी गोष्ट भुवनेश्वरजवळ धौलीला आहे. तिथे कधी गेलात तर दया नदीच्या काठच्या टेकडीवर खडकातून बाहेर येणारा दगडी हत्ती दिसेल आणि त्याच्याजवळच अशोकाचे लेख. बहुतेक यात्रेकरू वरचा पांढरा शांतिस्तूप पाहून परततात, पण या खडकापाशी थोडे थांबा. गिरनारला, कालसीला, अगदी वायव्य सरहद्दीवरच्या शाहबाजगढीलाही तेरावा लेख आहे. धौलीला नाही. कलिंगमध्येच दुसऱ्या ठिकाणी, जौगडला, तिथेही नाही. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्याच भूमीवर राजाची कबुली कोरलेली नाही. जखमेवरची खपली काढू नये म्हणून असे केले, असे काही अभ्यासकांना वाटते. राजकीय सावधगिरी म्हणून केले असेही म्हणता येईल. मला दोन्ही कारणे एकाच वेळी खरी वाटतात, पण माफी ज्याची मागायची त्याच्यासमोर मागावी, असे आपल्या आजीने शिकवलेले असते, आणि त्या मापाने अशोक इथे कमी पडला असेच मी म्हणेन.

मग त्या जागी त्याने काय कोरले? ते वाचल्यावर मात्र माझे मत थोडे सैल झाले. कलिंगसाठी त्याने दोन वेगळे लेख लिहिले, आणि ते प्रजेला उद्देशून नाहीत, स्वतःच्या अधिकाऱ्यांना उद्देशून आहेत. सगळी माणसे माझी मुले आहेत, मुलांसाठी जे सुख मागतो तेच त्यांच्यासाठी मागतो, ही त्याची प्रसिद्ध भूमिका इथलीच. पण सरकारी कारभाराची खरी ओळख पुढच्या ओळींत दिसते. एखाद्या माणसाला कारण नसताना कोठडीत टाकले जाते, छळले जाते, आणि त्याच्यामुळे इतरही बरेच लोक भोगतात, हे तो अधिकाऱ्यांना स्पष्ट सांगतो. असे का होते याची त्याची यादी पाहा: मत्सर, राग, निष्ठुरपणा, घाई, सवयीचा अभाव, आळस, थकवा. थकवा! दुष्टपणाइतकाच थकवाही अन्याय करतो, हे ज्याने कधी काउंटरच्या अलीकडे किंवा पलीकडे दिवस काढला आहे त्याला लगेच पटेल. मग तो व्यवस्था लावतो. दर पाच वर्षांनी एक सौम्य स्वभावाचा अधिकारी तपासणीला येईल. उज्जैन आणि तक्षशिलेच्या राजपुत्रांनी तर तीन वर्षांच्या आतच असा माणूस पाठवायचा. आणि हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी मोठ्याने वाचायचा, ऐकायला एकच माणूस असला तरी वाचायचा.

म्हणजे त्याने राज्य सोडले नाही, पण राज्याच्या हाताला लगाम घातला, आणि तोही अशा ठिकाणी जिथे सत्ता सर्वांत सहज बेफाम होते, नव्याने जिंकलेल्या प्रांतात.

त्याचे बाकीचे निर्णयही याच धाटणीचे आहेत. पहिल्या शिलालेखात राजवाड्यातल्या स्वयंपाकघराची हकिकत आहे. पूर्वी कालवणासाठी रोज लाखो प्राणी मारले जात. आता तीनच मारले जातात, दोन मोर आणि एक हरीण, आणि हरीणही रोज नाही. पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत. तुम्हाला यात गंमत वाटेल, मलाही वाटली. अहिंसेचा संदेश द्यायला बसलेला सम्राट दोन मोरांची गोष्ट लपवू शकला असता. कोण मोजायला येणार होते! त्याने लिहिले, कारण त्या दिवशी खरे तेवढेच होते.

फाशीचेही तसेच. राज्याभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षी, म्हणजे कलिंगनंतर तब्बल अठरा वर्षांनी, तो स्तंभलेखात जाहीर करतो की देहदंड झालेल्या कैद्याला तीन दिवसांची मुदत मिळेल. त्या अवधीत नातेवाइकांनी दयेचा अर्ज करावा, नाहीतर कैद्याने दानधर्म, उपवास करून परलोकाची तयारी करावी. देहदंड त्याने रद्द केला नाही. तीन दिवस दिले. हे तुम्हाला फार थोडे वाटत असेल तर ज्याच्या घरचा माणूस आत आहे त्याच्या जागी उभे राहून ते तीन दिवस मोजा.

मुंबईकर वाचकांसाठी एक घरची गोष्ट. विरार लोकलने जाताना लागणारे नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर, आणि अशोकाच्या आठव्या व नवव्या लेखांचे तुकडे तिथे सापडले आहेत. नववा लेख कर्मकांडांविषयी आहे. आजारपण, लग्न, मुलाचा जन्म, प्रवास, यांसाठी लोक, विशेषतः स्त्रिया, नाना विधी करतात असे तो म्हणतो (हे विशेषतः मला काही आवडले नाही). तो त्यांवर बंदी घालत नाही. करायचे तर करा, पण त्यांचे फळ थोडे. दास आणि नोकरांशी नीट वागणे, गुरुजनांना मान देणे, प्राणिमात्रांच्या बाबतीत संयम ठेवणे, हा विधी मोठा फळतो. इथेही तीच मर्यादा दिसते: दासांशी नीट वागा असे तो सांगतो, दास्य बंद करा असे सांगत नाही.

स्वतःच्या साधनेबाबतही त्याने बढाई मारली नाही. एका लघुशिलालेखात तो सांगतो की उपासक होऊन अडीच वर्षांवर काळ लोटला, पण पहिले वर्षभर आपण फारसा उद्योग केला नाही. संघाच्या निकट आल्यावर मग नेटाने प्रयत्न केला. कलिंगच्या एका रात्रीत पालटलेल्या राजापेक्षा हा राजा मला जवळचा वाटतो.

सत्ताविसाव्या वर्षी त्याने एका स्तंभावर आपल्या कामाचा आढावा कोरला. हा स्तंभ पुढे फिरोजशहा तुघलकाने टोपऱ्याहून दिल्लीला आणवला, आजही तो तिथे आहे. लोकांमध्ये धर्म वाढवण्याचे दोन मार्ग आपण वापरले, असे अशोक त्यात सांगतो. एक नियमांचा, दुसरा समजावण्याचा. अमुक प्राणी मारू नका, असे नियम आपण पुष्कळ केले. पण नियमांनी थोडेच साधले, खरी वाढ समजावण्याने झाली. हे लिहिणाऱ्या माणसाच्या हाताखाली मौर्यांचे सैन्य होते.

त्याच्या मृत्यूनंतर सुमारे पन्नास वर्षांत मौर्यांचे राज्य गेले. शेवटचा राजा बृहद्रथ याला त्याच्याच सेनापतीने, पुष्यमित्राने, मारले. अहिंसेने साम्राज्य दुबळे केले, हा आरोप अशोकाच्या डोक्यावर आहे. पण सैन्य मोडल्याचे त्याने कोणत्याही लेखात म्हटलेले नाही, आणि रानातल्या जमातींना दिलेली ताकीद तर तुम्ही वाचलीच. पुढे त्याची लिपीच लोक विसरले. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ती पुन्हा वाचली, तोवर हे खडक मुकेच होते.

शेवटच्या दिवसांची एक कथा 'अशोकावदान' या ग्रंथात येते. आजारी राजा राजवाड्यातली एकेक वस्तू संघाला दान करू लागला. खजिना रिकामा होईल म्हणून मंत्र्यांनी त्याचा अधिकार काढून घेतला. मग सोन्याच्या ताटातून जेवण आले तर तो ताटच पाठवून देई. चांदीचे आले, तेही गेले, मग मातीचे. अखेरीस त्याच्या हातात फक्त अर्धा आवळा उरला. त्याने तोही विहारात पाठवला, आणि भिक्षूंनी तो कुटून सगळ्यांच्या कालवणात घातला.